गुरुवारचा हॉर्न

मी मासे विकतो, समुद्रापासून तीन तासांवर,
जिथल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी समुद्र पाहिलेलाच नाही.
पोर्तुगालचा हा वरचा कोपरा : ग्रॅनाइट, चेस्टनटची झाडं
आणि कुलपं.
सोब्रेदात यायला लागलो तेव्हा एकवीस धुराडी मोजायचो.
आता तीन.

चर्चपाशी व्हॅन लावतो.
दोन लांब हॉर्न, एक आखूड.
माणसांआधी मांजरं येतात :
फुटक्या खिडक्यांतून, कोसळल्या माळ्यावरून,
द्राक्षं तुडवायच्या कोरड्या दगडी कुंडातून.
एक घरमालक लक्झेंबर्गमध्ये लोकांच्या न्हाणीघरांना फरशा बसवतो,
इथं त्याच्या लग्नाच्या पलंगावर
कोणी चार पिल्लं घातलीत.

देओलिंदा सगळ्यांत शेवटी यायची.
"अर्धा किलो सार्डिन. मला दोन, बाकी यांना."
मी बादलीभर डोकी आणायचो बाकीच्या गावांतून जमवून,
फेकायचीच होती म्हणायचो.
खरं सांगितलं असतं तर पैसे काढले असते तिनं.

मांजर डोळे मिटून दूध पितं, म्हणतात.
म्हणणाऱ्यानं ही बघितली नसावीत.
ही टक्क उघड्या डोळ्यांनी खातात,
एक कान मागं, मागचे पाय पळायच्या तयारीत.
सतरा वर्षं घास घातला तिनं,
तरी हात पुढं केला की फिस्स.
"मला तरी कुठं कुरवाळायचंय," ती म्हणायची,
"जेवली की झालं. नवराही असाच होता."

मार्चात ब्रागान्साहून डॉक्टर इव्होन पिंजरे घेऊन आली.
धरायची, ऑपरेशन करायचं, डाव्या कानाचं टोक कापायचं,
होती तिथं परत सोडायची.
अदेरितो बरळला, देवाच्या कामात ढवळाढवळ.
अदेरितो, ज्यानं दर वसंतात
पोतं बांधून ओढ्यात सोडलं,
आणि पोतं तेवढं धुऊन परत आणलं.
पण कंदील त्यानंच धरला दोन्ही रात्री.

अकरा सापडली. राहिली एक, राखाडी, मोर्गादा :
गावातलं सगळ्यांत मोठं घर तिच्या ताब्यात, म्हणून हे जमीनदारणीचं नाव.
पिंजऱ्याच्या छपरावर बसून
आत अडकलेल्यांकडं बघायची.
मग देओलिंदानं मोठी पेटी काठीवर तिरकी टेकवली,
काठीला दोरी, दोरीचं टोक स्वतःच्या मनगटाला,
आणि मेलेल्या नवऱ्याचा कोट घालून
अंगणात खुर्ची टाकली.
एक रात्र. दुसरी. तिसऱ्या पहाटे, दहिवर पडताना,
दोरी ओढली.

छातीत कफ धरला तो तेव्हाच.
मुलगी गाडी घेऊन आली, ल्योंला घेऊन गेली.
मोर्गादा दोन दिवसांनी कान कापून परतली
तर दाराला कुलूप.
बावीस कुलपं, मी मनात म्हटलं,
मग आठवलं, मोजणं मी केव्हाच सोडलंय.

जूनमध्ये फोन आला. वाटलं मोर्गादाचं विचारेल.
विचारलं त्या पिवळ्या बोक्याचं,
ज्याला ती चोर म्हणायची, लाकडी खडावा फेकून मारायची.
"आहे का तो चोर?"
"आहे. दात पडलेत दोन."
बराच वेळ नुसती खरखर.
"काटे काढून दे त्याला. लाड नकोत पण."

वहीत तिच्या नावावर अकरा युरो चाळीस सेंट होते.
मुलगी पाठवते म्हणाली, मी नको म्हटलं.
आता दर गुरुवारी त्याच पानावर लिहितो : अर्धा किलो.
उधारी वाढतेय. वाढू दे.
उधारी आहे तोवर गिऱ्हाईक आहे.

हल्ली हॉर्नच्या आधीच अदेरितो उभा असतो, बादली घेऊन.
मी काही विचारत नाही.
तोच सांगतो, उंदीर फार झालेत म्हणून, एवढंच.
काटे काढतो, बोटं जाड, चुकतो, शिव्या घालतो.
चोर त्याच्या बुटावर पाय ठेवून वाट बघतो.
मोर्गादा लांब, कुंडाच्या काठावर.

"बारा पावलं," तो माझ्याकडं न बघता म्हणतो,
"ईस्टरला सोळा होती."